कार्यकर्ता टिकला तर कार्य टिकेल

(आष्टा येथील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आम्ही आजवर अनेक विषयांवर बोललो. शिक्षण, शिष्यवृत्ती, व्यसनमुक्ती, अंधश्रद्धा, लग्नातील अवाजवी खर्च. विषय कोणताही असो, भाषणाचा शेवट मात्र ठरलेला असे. कार्यकर्त्यांनी अधिक वेळ द्यावा, अधिक त्याग करावा, घरादाराची पर्वा करू नये, असे सांगून आम्ही खाली बसायचो आणि टाळ्या व्हायच्या. आज आम्ही त्याच्या उलट बोलणार आहोत. कार्यकर्त्याने स्वतःला कसे सांभाळावे आणि समाजाने कार्यकर्त्याला कसे सांभाळावे, हा आजचा विषय आहे. हा विषय आम्हाला पुस्तकातून सुचलेला नाही. आमच्या हातून झालेल्या एका चुकीतून तो सुचला आहे. म्हणून आधी ती चूक सांगतो.

आमच्या मंडळात एक कार्यकर्ते होते. नाव सांगत नाही. नोकरी सांभाळून ते रोज संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालवत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-वारणेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. नदीकाठची माणसे मिळेल तिथे आसऱ्याला आली. त्या दिवसांत या गृहस्थांनी रात्र पाहिली नाही की दिवस पाहिला नाही. याद्या करणे, धान्य वाटणे, अंथरूण-पांघरूण गोळा करणे आणि पाणी ओसरल्यावर पंचनाम्यासाठी लोकांचे कागद भरून देणे, सगळे त्यांनीच केले. त्यातून बाहेर पडतात तोच मार्च २०२० मध्ये आपल्या वाळवा तालुक्यातच, इस्लामपुरात, कोरोनाचे रुग्ण सापडले. टाळेबंदी आली. कोणाला दवाखान्यात खाट हवी, कोणाला रेशन हवे, कोणाच्या अंत्यविधीला चार माणसे हवीत, फोन त्यांनाच जायचा. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पुन्हा तेच.

पुढच्या वर्षी जयंतीच्या बैठकीत वर्गणीच्या हिशेबावरून कोणीतरी एक प्रश्न विचारला. प्रश्न साधा होता. पण या गृहस्थांनी वही टेबलावर आपटली, नको ते बोलले आणि उठून गेले. ते परत आले नाहीत. अभ्यासिका बंद पडली. वीस-बावीस मुले होती, ती पांगली. आम्ही काय केले? आम्ही म्हणालो, माणूस गर्विष्ठ झाला, त्याच्या डोक्यात हवा गेली. आमच्यातल्या एकालाही त्यांच्या घरी जावेसे वाटले नाही.

काही महिन्यांनी आम्ही दोघे-तिघे गेलो. तेही कामासाठीच, अभ्यासिकेची किल्ली आणायला! त्यांच्या पत्नीने चहा दिला आणि शांतपणे सांगितले, "यांना वर्षभर झोप नाही. फोन वाजला की छातीत धडधडतं. साखर वाढली आहे. दादा, तुम्ही सगळे इतकी वर्षं या घरी येता. पण हे कसे आहेत, असं कुणी विचारलं नाही." आम्ही किल्ली न मागता परत आलो.

बंधू-भगिनींनो, त्या बाईंनी जे सांगितले त्याला आज शास्त्रात नाव आहे. १९७४ साली अमेरिकेतील हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने त्यावर लिहिले. गरिबांसाठी चालवलेल्या मोफत दवाखान्यात ते स्वतः काम करत होते. तिथे उत्साहाने आलेली तरुण मंडळी काही काळाने आतून विझल्यासारखी होतात, असे त्यांना दिसले. स्वतःलाही तो अनुभव आला. त्या अवस्थेला 'बर्नआउट' असे म्हणतात. पुढे क्रिस्टिना मास्लाक या विदुषीने त्याची तीन लक्षणे मांडली. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिले लक्षण म्हणजे झोपूनही न जाणारा थकवा. दुसरे म्हणजे मनात येणारा कडवटपणा. ज्या लोकांसाठी काम करायचे त्यांचाच राग येऊ लागतो, 'हे लोक सुधारणारच नाहीत' असे शब्द तोंडी येतात. आणि तिसरे म्हणजे आपल्या कामाचा काही उपयोग नाही असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याची दखल घेतली. हा रोग नव्हे, तर कामाचा ताण दीर्घकाळ न आवरल्यामुळे येणारी अवस्था आहे, असे त्यांनी म्हटले आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. दोष एकट्या माणसाच्या स्वभावात नसतो, कामाच्या रचनेतही असतो. आळशी माणूस करपत नाही. चुलीवरची भाकरी करपते ती ठेवणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे असते म्हणून.

आता कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी कुठे विश्रांती घेतली? अठरा-अठरा तास काम केले म्हणून तर आपण आज इथे आहोत. हा प्रश्न आम्हालाही अनेक वर्षे पडत होता. म्हणून बाबासाहेबांच्या चरित्राकडे या दृष्टीने पुन्हा पाहू.

बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले. म्हणजे या आपल्या भागाशी त्यांचे लहानपणापासूनचे नाते. पण त्यांच्या शेवटच्या दहा वर्षांची हकीकत आपण फारशी सांगत नाही. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली. सात सदस्य होते. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी घटना समितीतच वस्तुस्थिती मांडली. एका सदस्याने राजीनामा दिला, त्यांच्या जागी दुसरे आले. एक वारले, त्यांची जागा भरली गेली नाही. एक अमेरिकेत होते. एक संस्थानांच्या कामात गुंतले होते. एक-दोघे दिल्लीपासून दूर होते आणि त्यांची प्रकृतीही बरी नसावी. शेवटी मसुद्याचा भार डॉ. आंबेडकरांवर पडला. आपण हा प्रसंग अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवा. पण त्यात दुसरीही गोष्ट आहे. सात माणसांचे ओझे एका आजारी माणसाच्या खांद्यावर आले होते.

होय, आजारी. त्यांना मधुमेह होता. पायांच्या वेदना त्यांना झोपू देत नसत. त्याच काळात ते देशाचे कायदामंत्री होते, हिंदू कोड बिल हाती होते, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचा व्याप होता. याच आजारपणात मुंबईत उपचार घेताना त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. माईसाहेबांनी पुढची आठ वर्षे त्यांचे पथ्य, इन्सुलिन, झोप सांभाळली. ते व्हायोलिन शिकले, बागेत रमले, कुत्री पाळली. म्हणजे मनाला विसावा लागतो हे बाबासाहेबांना ठाऊक होते. आपण मात्र त्यांच्या फोटोशेजारी ग्रंथ ठेवतो, व्हायोलिन ठेवत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. नोव्हेंबरात ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. ५ डिसेंबरच्या रात्रीही आपल्या अखेरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी हातावेगळे केले नव्हते. ६ डिसेंबरला झोपेतच त्यांचे परिनिर्वाण झाले. वय ६५ वर्षे. धम्मदीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. आणखी दहा वर्षे मिळती तर, असे आपण प्रत्येक सहा डिसेंबरला म्हणतो. मग आमचा प्रश्न असा आहे : या हकीकतीतून आपण शिकलो काय? 'त्यांनी शरीर झिजवले, तुम्हीही झिजवा' एवढेच? की 'पुन्हा कधी सातांचे ओझे एकावर टाकायचे नाही' हे?

बाबासाहेबांपुढे पर्याय नव्हता. आपल्यापुढे आहे. आज आपल्यात शिक्षक आहेत, नर्स आहेत, वकील आहेत, बँकेत नोकरी करणारे आहेत. तरीही मंडळाचे काम दोघा-तिघांवरच पडते. हा परिस्थितीचा नाइलाज नाही, ही आपली सवय आहे.

भगवान बुद्धांनी या बाबतीत काय सांगितले तेही पाहू. सोण नावाचा एक श्रीमंत घरचा तरुण भिक्खू झाला. चंक्रमण करून करून त्याच्या पायांतून रक्त आले. इतके करूनही चित्त मुक्त होत नाही म्हणून निराश होऊन तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तथागतांनी त्याला वीणेचा दाखला दिला. सोण पूर्वी वीणा वाजवत असे. तार फार ताणली तर वाजत नाही, सैल सोडली तरी वाजत नाही, हे त्याला माहीत होते. वीर्याचे, म्हणजे प्रयत्नाचेही तसेच आहे. ध्यानात घ्या, सोण आळशी होता म्हणून घरी निघाला नव्हता. अति कष्टाने निघाला होता. आमचे कार्यकर्ते वही आपटून निघाले तेही असेच.

खुद्द बुद्धांनी वय झाल्यावर काय केले? कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. रात्री बराच वेळ उपदेश केल्यावर पाठ दुखू लागली, तेव्हा त्यांनी आनंदाला पुढचे बोलायला सांगितले आणि स्वतः संघाटी अंथरून आडवे झाले. पाठ दुखते हे सांगायला त्यांना संकोच वाटला नाही, आणि पुढे बोलणारा दुसरा माणूस त्यांनी तयार करून ठेवला होता. आमच्या सभांत काय होते? अध्यक्षाला ताप असला तरी तोच बोलतो, कारण दुसऱ्याला माइकजवळ येऊच दिलेले नसते.

डोंबाऱ्याचा खेळ तुम्ही बाजारात पाहिला असेल. बुद्धांनी तोही दाखला दिला आहे. खांबाच्या आधारे कसरत करणारा गुरू आणि त्याचा शिष्य. गुरू म्हणाला, आपण एकमेकांना सांभाळू. शिष्य म्हणाला, तसे नव्हे, प्रत्येकाने आपला तोल सांभाळला तरच खेळ नीट होईल. बुद्धांनी शिष्याचे म्हणणे उचलून धरले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. स्वतःला सांभाळणारा दुसऱ्याला सांभाळतो आणि दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःलाही सांभाळतो, असा दोन्ही बाजूंचा अर्थ त्यांनी लावला. स्वतःची काळजी घेणे म्हणजे स्वार्थ, हा आपला समज त्यामुळे टिकत नाही.

आणि आता एक प्रसंग, जो वाचताना आम्हाला मान खाली घालावी लागली. विहारात एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्याच घाणीत पडून होता. बुद्धांनी विचारले, तुझी शुश्रूषा कोणी करत नाही का? तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कोणी करत नाही. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून ते म्हणाले की, इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. 'उपयोगाचा नाही म्हणून पाहिले नाही', हे शब्द पुन्हा ऐका. आमच्या मंडळाने आमच्या कार्यकर्त्याशी हेच केले. तो धान्य वाटत होता तोवर आमचा होता. तो थकला तेव्हा कोणाचाच राहिला नाही.

मित्रांनो, नुसते दाखले देऊन भागणार नाही. त्या घरून परत आल्यावर आम्ही काही नियम केले. काही पाळले, काही अजून जमत नाहीत. ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिला नियम, प्रत्येक कामाला दोन माणसे. अभ्यासिकेला दोन, हिशेबाला दोन, दवाखान्याच्या कामाला दोन. एक आजारी पडला, कोणाच्या घरी लग्नकार्य निघाले, तरी काम थांबत नाही आणि अपराधी वाटत नाही. पदाची मुदतही ठरवावी. दोन वर्षे झाली की पद सोडायचे. सोडणाऱ्याला 'पळाला' म्हणायचे नाही, त्याचा सत्कार करायचा.

दुसरा, हिशेब. हा विषय इथे कसा, असे वाटेल. पण आमचा अनुभव असा आहे की कामाने माणूस जितका थकत नाही तितका संशयाने थकतो. दोन सह्यांशिवाय पैसा काढायचा नाही, पावती दिल्याशिवाय वर्गणी घ्यायची नाही आणि दरमहा जमाखर्च सर्वांसमोर वाचायचा. मग जयंतीच्या बैठकीत कोणाला वही आपटावी लागत नाही.

तिसरा, प्रत्येक काम आपल्या अंगावर घ्यायचे नाही. मारहाणीची केस आली, जमिनीचा वाद आला, की कार्यकर्ता स्वतःच वकील होतो, पोलीस होतो, न्यायाधीश होतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना मोफत वकील मिळण्याची तरतूद आहे. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत त्याची व्यवस्था असते. माणसाला तिथवर पोहोचवणे हे आपले काम, खटला चालवणे वकिलाचे. 'हे मला जमणार नाही, पण कुठे जमेल ते सांगतो', हे वाक्य म्हणायला प्रत्येक कार्यकर्त्याने शिकावे.

चौथा, शरीर. बेंदराच्या वेळी आपला शेतकरी बैलाच्या खांद्याला हळद-तेल चोळतो, त्या दिवशी त्याला कामाला जुंपत नाही. वर्षभर जू वाहणाऱ्या मुक्या जनावराची खांदेमळणी करणारी आपली माणसे. मग कार्यकर्त्याच्या खांद्याचे काय? आठवड्यातून एक संध्याकाळ घरच्यांची. रात्री ठरावीक वेळेनंतर फोन दुसऱ्याकडे, तोही पाळीपाळीने. वर्षातून एकदा सर्व कार्यकर्त्यांची साखर आणि रक्तदाब तपासणी, मंडळाच्या खर्चाने. जेवण वेळेवर. चहावर दिवस काढणे हा त्याग नव्हे. आणि थकवा घालवायला तंबाखू किंवा बाटली जवळ करणारा कार्यकर्ता व्यसनमुक्तीवर काय बोलणार?

पाचवा, मन. महिन्यातून एकदा आम्ही अजेंड्याशिवाय बसतो. त्या बैठकीत कोणाला काम सांगायचे नाही, उपदेश करायचा नाही. दहा मिनिटे आनापान, म्हणजे शांत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहायचे आणि मग ज्याला बोलायचे त्याने बोलायचे. पहिल्या दोन बैठकांत कोणी बोलले नाही. तिसऱ्या बैठकीत कोरोनात अंत्यविधी केलेला एक तरुण बोलू लागला आणि रडला. तो दोन वर्षे कोणाजवळ बोलला नव्हता. बैठकीने भागत नसेल तर डॉक्टरांकडे जायला लाजू नये. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. हाड मोडले तर आपण प्लास्टर घालतो, मग मन मोडले तर लपवायचे कशाला?

सहावा नियम माता-भगिनींच्या बाबतीत आहे आणि तो आम्हा पुरुषांसाठी आहे. आशा ताई, अंगणवाडी सेविका, महिला मंडळाच्या भगिनी दिवसभर समाजाचे काम करतात आणि घरी आल्यावर चूलही त्यांनाच पाहावी लागते. पुरुष कार्यकर्ता घरी येऊन पाय पसरतो, स्त्री कार्यकर्ती पदर खोचते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशा सेविकांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. चांगले झाले. पण गौरवाने पाठदुखी थांबत नाही. त्यांना 'ध्यान करा, विश्रांती घ्या' असे सांगणे आणि योग्य मोबदल्याच्या मागणीला साथ न देणे, ही फसवणूक आहे. ज्या थकव्याचे मूळ अन्यायात आहे त्याला श्वासाकडे पाहणे हा पूर्ण उपाय नाही. तिथे हक्कही मागावा लागतो आणि घरातले काम वाटूनही घ्यावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उद्याचे कार्यकर्ते आहात. तुमच्यातले काही जण शिक्षण सोडून चळवळीत उडी घेण्याची भाषा करतात. भावना मोठी आहे. पण आधी शिका, आपल्या पायावर उभे राहा. आठवड्याचे दोन तास द्या, पण ते दहा वर्षे द्या. एका महिन्यात सगळे देऊन अकरा महिने नाहीसा होणारा कार्यकर्ता समाजाला परवडत नाही. आणि एखादा ज्येष्ठ कार्यकर्ता तुमच्यावर विनाकारण ओरडला, तर तो वाईट आहे असे ठरवण्याआधी त्याला एवढेच विचारा, दादा, जेवलात का?

शेवटी त्या गृहस्थांविषयी सांगितले पाहिजे, कारण तुमच्या मनात तो प्रश्न असेल. आम्ही त्यांच्याकडे पुन्हा गेलो. किल्लीसाठी नाही, नुसते बसायला. माफीही मागितली. त्यांना परत या, असे म्हणालो नाही. वर्षभराने ते स्वतः अभ्यासिकेत आले. तोवर दोन तरुणांनी ती पुन्हा सुरू केली होती. आता ते आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित शिकवतात. बाकीच्या दिवशी पत्नीबरोबर फिरायला जातात. पूर्वीइतके काम ते करत नाहीत आणि आम्ही मागतही नाही. पांगलेल्या मुलांपैकी काही परत आली, काही आली नाहीत. न आलेली मुले हा आमच्या चुकीचा हिशेब आहे. तो आम्ही आपल्यापुढे वाचून दाखवला.

आज इथून घरी जाताना प्रत्येकाने आपल्या मंडळातल्या एका कार्यकर्त्याचे नाव आठवावे आणि या आठवड्यात त्याच्या घरी जावे. जाताना काही काम घेऊन जाऊ नये, एवढीच विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

जय भीम!